अंदाज बरोबर, पैसा अडकलेला: फिनलंडच्या दुसऱ्या श्रेणीतल्या एका सामन्याचा हिशेब

सामना सुरू व्हायला पन्नास मिनिटं बाकी आहेत आणि पडद्यावर बेटिंग एक्सचेंज आहे, म्हणजे लोक बुकमेकरऐवजी एकमेकांशी बेट लावतात तो बाजार. बॅक म्हणजे अमुक घडेल यावर पैसे लावणं, ले म्हणजे ते घडणार नाही या बाजूला उभं राहून समोरच्याची बेट स्वीकारणं; १.८४ ऑड्स म्हणजे जिंकल्यास एका पौंडाचे मूळ पौंडासकट १.८४ परत. यजमानांच्या विजयावर बॅक करायचं तर १.८४ ला ३८ पौंड, १.८३ ला ११० पौंड, १.८१ ला ६४ पौंड उपलब्ध आहेत. ले करायचं तर १.९० ला २२, १.९२ ला ४५ आणि मग थेट १.९९ ला ८०. मॅच ऑड्सच्या, म्हणजे सामना कोण जिंकेल या बाजारात आतापर्यंत जुळलेली एकूण रक्कम १,९०० पौंडांच्या आसपास. इंग्लंडच्या प्रीमियर लीगमधल्या सामन्याला याच जागी लाखो पौंड दिसतात आणि बॅक-लेमधलं अंतर बहुतेक वेळा एका टिकचं, म्हणजे भावाच्या सर्वांत लहान पायरीचं असतं. इथे ते सहा टिकचं आहे. पुढे जे झालं त्याची बरीचशी मुळं या सहा टिकमध्येच आहेत.

सामना फिनलंडच्या दुसऱ्या श्रेणीतला, जुलैअखेरचा. संघांची नावं दिलेली नाहीत, कारण सामना रचलेला आहे. या लीगांमध्ये जे वारंवार घडतं ते एका संध्याकाळीत बसवलं आहे आणि आकडे असे घेतले आहेत की कागद-पेन घेऊन कुणालाही पडताळता यावेत. ट्रेडर ब्रिटनमधला, अर्धवेळ हे काम करणारा. त्याची बँक, म्हणजे या कामासाठी बाजूला काढलेली रक्कम, १,५०० पौंड. निव्वळ नफ्यावर एक्सचेंजचं कमिशन ५ टक्के.

उन्हाळ्यात असे ट्रेडर उत्तरेकडे का वळतात ते उघड आहे. इंग्लंड, स्पेन, जर्मनी, इटली इथल्या लीग मे महिन्यात संपतात आणि ऑगस्टपर्यंत मैदानं रिकामी असतात. फिनलंड, स्वीडन, नॉर्वे, आइसलँड, एस्टोनिया इथे बर्फामुळे हंगामच वसंतात सुरू होतो आणि शरदात संपतो. आयर्लंडनंही २००३ पासून उन्हाळी हंगाम धरला. वरच्या श्रेणीतल्या सामन्यांवर निदान बऱ्यापैकी पैसा असतो; खाली उतरलं की तो झपाट्याने आटतो. तरीही लोक खालीच जातात, कारण तिथे बुकमेकरचं लक्ष कमी असतं आणि स्थानिक बातमीला किंमत असते. हा तर्क चुकीचा नाही. या प्रकरणातही तो खरा ठरला, आणि गंमत तीच आहे.

बातमी अशी होती. पाहुण्या संघाचा पहिल्या पसंतीचा गोलकीपर आणि मधला बचावपटू दोघेही यादीत नव्हते. जुलै-ऑगस्टमध्ये या लीगांत हे नेहमी होतं. युरोपातल्या मोठ्या हंगामांची खरेदी तेव्हा चालू असते आणि इथला हंगाम मात्र ऐन मध्यावर असतो, त्यामुळे चांगला खेळाडू अचानक गायब होतो. गोलकीपरच्या जागी ज्युनियर संघातला मुलगा. क्लबने फिनिश भाषेत तासभर आधी संघ जाहीर केला होता. ट्रेडरने तो वाचला, मागचे संघ ताडून पाहिले आणि ठरवलं की यजमानांची खरी किंमत १.७० च्या जवळ आहे, म्हणजे जिंकण्याची शक्यता साधारण ५८.८ टक्के. पडद्यावर १.८४ होतं.

योजना सरळ होती: आता बॅक करायचं, किंमत उतरली की ले करून दोन्ही बाजूंना नफा वाटून घ्यायचा आणि सामना न बघताच मोकळं व्हायचं. चढ्या ऑड्सला बॅक आणि उतरत्या ऑड्सला ले केलं की फरक खिशात. कागदावर इतकंच असतं.

त्याला ३०० पौंड लावायचे होते. आधी त्याने १.८८ ला ऑर्डर ठेवली आणि वाट पाहिली. दोन मिनिटांत एका बॉटने, म्हणजे आपोआप ऑर्डर मांडणाऱ्या प्रोग्रॅमने, १.८७ ला ५ पौंड ठेवून त्याच्या पुढे नंबर लावला. अशा बाजारात निम्मी गर्दी बॉटांचीच असते. पिनॅकलसारख्या कमी मार्जिनच्या बुकमेकरकडून किंमत उचलायची, थोडं अंतर ठेवून एक्सचेंजवर मांडायची आणि कुणी पुढे आलं की एक टिक सरकायचं, एवढंच त्यांचं काम. शेवटी १.८८ ला ७० पौंड जुळले. मग धीर सुटला, त्याने उरलेली ऑर्डर काढून १.८४ चे ३८ आणि १.८३ चे ११० पौंड उचलले. एकूण २१८ पौंड, सरासरी ऑड्स १.८५ च्या किंचित खाली. यजमान जिंकले तर १८४.८२ पौंड नफा, नाहीतर २१८ तोटा.

इथे एक गोष्ट त्याच्या ध्यानात यायला हवी होती. १,९०० च्या बाजारात २१८ पौंड म्हणजे तो एकटाच दहावा हिस्सा झाला होता. यानंतर किंमत उतरली तर तिच्यात त्याचंही वजन असणार. स्वतःच्याच हालचालीचा आरशातला चेहरा पाहून बाजाराने आपल्याला दुजोरा दिला असं मानणं, ही पातळ बाजारातली फार जुनी फसगत आहे.

किंमत उतरली. सुरुवातीला दहा मिनिटं उरली तेव्हा बॅकच्या बाजूला १.७० होतं आणि शेवटचा सौदा १.७२ ला झालेला. त्याच्या सॉफ्टवेअरने हिरव्या अक्षरांत हिशेब दाखवला: १.७२ ला २३४ पौंड ले केले तर निकाल काहीही लागो, १६ पौंड पक्के. पण १.७० ही किंमत नव्याने बॅक करणाऱ्यासाठी होती आणि १.७२ हा झालेला सौदा होता. त्याला ले करायचं होतं, आणि ले करायला समोर काय होतं? १.७८ ला ३० पौंड, १.८२ ला २५, त्यानंतर १.८८. पूर्ण रक्कम १.७८ ला गेली असती तरी पक्का नफा ८ पौंडांवर येत होता, आणि त्यासाठी लागणारे २२६ पौंड तिथे नव्हतेच. चार टिकच्या आत मिळून ५५ पौंड होते.

म्हणून त्याने १.७३ ला १२० पौंडांची ले ऑर्डर ठेवली आणि थांबला. १२ पौंड जुळले. पंचांनी शिट्टी वाजवली, बाजार काही क्षण सस्पेंड, म्हणजे बंद, होऊन इन-प्ले (सामना चालू असतानाचा) झाला आणि उरलेली ऑर्डर रद्द झाली. इन-प्लेमध्येही ऑर्डर टिकवायची असेल तर तसा पर्याय आधी निवडावा लागतो. त्याने निवडला नव्हता, आणि निवडला असता तरी फार फरक पडला नसता.

किंमत का उतरली, हा प्रश्नही फिनलंडच्या बाबतीत सोडून देता येत नाही. संघ जाहीर झाल्यामुळे उतरली हे पटण्यासारखं आहे. पण या देशाच्या फुटबॉलवर दोन जुने डाग आहेत. जुलै २००५ मध्ये हाका या क्लबने अलियान्सी या क्लबला ८-० ने हरवलं आणि त्या सामन्यावरच्या बेटिंगची चौकशी झाली. त्यानंतर २०११ मध्ये विल्सन राज पेरुमल हा सिंगापूरचा मॅच-फिक्सर फिनलंडमध्येच पकडला गेला आणि रोवानिएमीच्या न्यायालयात त्याला दोन वर्षांची शिक्षा झाली; रोवानिएमीच्या संघातले नऊ परदेशी खेळाडूही दोषी ठरले. दोन्ही प्रकरणं उघडकीस आली तेव्हा हे संघ वरच्या श्रेणीत होते. खालच्या श्रेणीत पगार आणखी कमी. तेव्हा ज्या हालचालीचं कारण आपल्याला माहीत आहे तिच्या बाजूला असणं आणि जिचं कारण माहीत नाही तिच्या बाजूला असणं यात फरक आहे, मग दोन्हींत पडद्यावर आकडे तेच दिसोत. आपल्या ट्रेडरला निदान कारण माहीत होतं. इथवर त्याचं चुकलं असं मी म्हणणार नाही.

सामना सुरू झाला आणि पैसा पातळ होता तो विरळ झाला. विसाव्या मिनिटाला ०-० असताना बॅक १.८०, ले २.०६. बेट दिल्यावर ती लगेच लागत नाही, काही सेकंद थांबवून ठेवली जाते, म्हणजे मैदानावर बसलेल्याने गोल पाहून झटपट पैसे लावू नयेत. ही सोय बरोबरच आहे, पण त्यामुळे बाजारात किंमत मांडून बसायला कुणी तयार नसतं, आणि खालच्या लीगांत तर अजिबातच नाही.

एकतिसाव्या मिनिटाला यजमानांनी गोल केला. बाजार सस्पेंड. पुन्हा उघडला तेव्हा योग्य किंमत १.२६ ते १.२८ च्या दरम्यान असावी, बुकमेकरांकडे तेवढीच दिसत होती. एक्सचेंजवर बॅक १.१८, ले १.४० ला २० पौंड आणि १.५० ला ३५ पौंड.

या क्षणी त्याची स्थिती होती: यजमान जिंकले तर १७६ पौंड नफा, नाहीतर २०६ तोटा. सॉफ्टवेअर सांगत होतं, १.२८ ला २९८ पौंड ले करा, ९२ पौंड पक्के. १.४० ला गेलात तर ६७. पंचवीस पौंडांचा फरक पाहून त्याने १.४० कडे पाठ फिरवली आणि १.२८ ला पूर्ण २९८ पौंडांची ऑर्डर मांडून ठेवली.

माझ्या मते सगळ्यांत महागात पडलेला निर्णय हाच, आणि तो करताना तो स्वतःला शिस्तबद्ध समजत होता. एक तर ६७ हा आकडाही खोटा होता, त्यासाठी १.४० ला २७३ पौंड हवे होते आणि तिथे होते २०. सॉफ्टवेअर एका किंमतीवर पूर्ण रक्कम जुळेल असं गृहीत धरतं, समोर खरोखर किती आहे ते त्या हिरव्या आकड्यात येत नाही. दुसरं म्हणजे २९८ पौंडांची ऑर्डर त्या बाजारात भिंतीसारखी दिसत होती. बॅक करू पाहणाऱ्याला वाटतं, एवढ्या मोठ्या रकमेने कुणी ले करतंय, त्याला काही कळलं असणार. आणि तिसरं, नेहमीचंच: बॉटने १.२९ ला ५ पौंड ठेवले, ते संपले की पुन्हा ५ ठेवले. आठ मिनिटांत १.२८ ला त्याचे ४० पौंड जुळले.

१.४० चे २० आणि १.५० चे ३५, दोन्ही वाईट भाव, त्याने उचलले असते तर या ५५ पौंडांनीच स्थिती साधारण १५० नफा, १५१ तोटा अशी झाली असती. आठ मिनिटं थांबून चांगल्या भावात मिळवलेल्या ४० पौंडांनी ती १६५ नफा, १६६ तोटा अशी झाली. वाईट भावाने जोखीम जास्त कमी झाली असती. दोन्ही एकदम करायलाही कुणी अडवलं नव्हतं.

मग बाजार अचानक सस्पेंड झाला. त्याच्या दुसऱ्या पडद्यावर स्ट्रीममध्ये चेंडू मधल्या फळीत आरामात फिरत होता. स्ट्रीम मागे असते हे प्रत्येकाला माहीत असतं, पण माहीत असणं आणि ते भोगणं वेगळं. मैदानावर स्पोर्टरडार किंवा जीनियस स्पोर्ट्ससारख्या कंपन्यांचा माणूस बसलेला असतो, तो बटण दाबतो, माहिती निघते, बाजार बंद होतो. आणि घरी बसलेला माणूस अर्धं मिनिट जुना खेळ बघत अंदाज बांधत राहतो की गोल कुणाचा. पाहुण्यांना पेनल्टी मिळाली होती. सस्पेंड होताना त्याचे न जुळलेले २५८ पौंड रद्द झाले. चाळिसाव्या मिनिटाला १-१.

मध्यंतरात यजमानांची किंमत २.३० च्या आसपास असायला हवी होती. त्या भावात पूर्ण बाहेर पडला असता तर २२ पौंडांचा तोटा. पडद्यावर ले करायला २.५० ला ३० पौंड आणि २.६४ ला २५. बरोबरी आणि पाहुणे या दोन्हींना बॅक करून तोच परिणाम साधता येतो, आणि त्याने ते तपासलंही. पण एक्सचेंजचं क्रॉस मॅचिंग या तिन्ही निकालांचे भाव आपोआप एकमेकांशी जोडतं, त्यामुळे तिकडे काही वेगळं दडलेलं नव्हतं.

दुसऱ्या अर्धात अठ्ठावन्नाव्या मिनिटाला २.४४ ला ६० पौंड जुळले. स्थिती: ७८ नफा, १०६ तोटा. चौऱ्याहत्तराव्या मिनिटाला यजमानांनी पुन्हा गोल केला. हात मारताना चेंडू त्या ज्युनियर गोलकीपरच्या पोटाखालून गेला. बाजार उघडल्यावर १.३३ ला ५० पौंड मिळाले, ते त्याने विचार न करता घेतले. सामना २-१ ने संपला. नफा ६१.९६ पौंड, कमिशन ३.१० गेलं, हातात ५८.८६.

नोंदवहीत हा सौदा हिरवा आहे. बातमी बरोबर होती, किंमत बरोबर दिशेने गेली, यजमान जिंकले आणि गोलही त्याच गोलकीपरच्या चुकीने झाला. यावर दोन प्रकारचे लोक बोलतील. एक म्हणतील, हातच लावला नसता तर कमिशन जाऊन १७५ पौंड मिळाले असते. हे निकाल लागल्यावरचं शहाणपण आहे. १-१ वर सामना संपला असता तर हेच लोक आणखी ले करायला हवं होतं म्हणाले असते. दुसरे म्हणतील, शेवटी नफा झाला ना. त्यांच्यासाठी पुढचा हिशेब.

त्याने २१८ पौंड लावले ते ट्रेड म्हणून. ट्रेडमध्ये तोटा काही टिकचा असतो, पूर्ण लावलेल्या रकमेचा नसतो, म्हणून मोठी रक्कम चालते अशी त्यामागची समजूत. पण समोर ५५ पौंडच असतील तर २१८ पैकी उरलेली रक्कम ट्रेड नाहीच, ती सरळ बेट आहे. बेट किती मोठी असावी याला १९५६ मध्ये बेल लॅब्जच्या जॉन केलीने मांडलेलं सूत्र आहे: जिंकण्याच्या शक्यतेतून, हरण्याची शक्यता भागिले निव्वळ परतावा, हे वजा करायचं. शक्यता ०.५८८; ५ टक्के कमिशन गेल्यावर एका पौंडावर परतावा सुमारे ०.८०५. उत्तर येतं बँकेच्या ७.७ टक्क्यांच्या आत, म्हणजे १,५०० वर ११५ पौंड. हेही केलीच्या सूत्राने येणारी पूर्ण रक्कम धरून. स्वतःच्या अंदाजावर डोळे मिटून विश्वास नसलेला माणूस निम्मं लावतो, म्हणजे ५७ पौंड. आपल्या गड्याने बँकेचे साडेचौदा टक्के लावले होते. कमिशन शून्य असतं तरी सूत्राने त्याला १० टक्क्यांच्या फार पुढे जाऊ दिलं नसतं.

तेव्हा प्रश्न भावाचा नव्हता, रकमेचा होता, आणि ती रक्कम त्याने चुकीच्या बाजूला बघून ठरवली. आत शिरताना बॅकच्या बाजूला २१२ पौंड दिसत होते, म्हणून २१८ शक्य वाटले. बघायला हवं होतं ते ले बाजूला: १.९० ला २२, १.९२ ला ४५. बाहेर पडताना साधारण एवढीच गर्दी तिथे असणार होती, आणि नंतर तसंच झालं. प्रत्येक टप्प्यावर, सुरुवातीआधी, पहिल्या गोलनंतर, मध्यंतरात, परवडेल अशा भावात त्याला ५०-६० पौंडांच्या वर कधीच मिळाले नाहीत. तीन वेगवेगळ्या परिस्थितींत तोच आकडा येत असेल तर त्या बाजाराची खोली तेवढीच आहे.

या सामन्यात मग दोन गोष्टी करण्यासारख्या होत्या. एक, १.८४ आणि १.८३ मधून ५० ते ६० पौंड उचलायचे आणि सुरुवातीआधी १.७८-१.८२ ला जे मिळेल त्यात ले करून बाहेर पडायचं. नफा दोन पौंडांच्याही आत. तासभर फिनिश भाषेतले संघ वाचण्याची ती मजुरी आहे आणि तिला ट्रेडिंग म्हणायचं की नाही ते ज्याचं त्याने ठरवावं. दुसरी, तेच ५७ पौंड चांगल्या भावातली बेट म्हणून लावायचे, पडदा बंद करायचा आणि निकाल लागू द्यायचा. १.७० खरी किंमत धरली तर कमिशन जाऊन अशा बेटीत सरासरी तीन-साडेतीन पौंडांच्या आसपास फायदा आहे, म्हणजे पहिल्या पर्यायाच्या दुपटीहून जास्त. कारण बाहेर पडताना सहा-आठ टिकची दरी पुन्हा ओलांडण्यासाठी काही मोजावं लागत नाही. मला दुसरा पर्याय पटतो, जरी त्यात हरण्याची शक्यता दर पाचात दोनदा आहे.

त्याची मूळ योजना कुठेच चालणार नाही असं मात्र नाही. आयर्लंडच्या फर्स्ट डिव्हिजनचे सामने बहुतेक शुक्रवारी संध्याकाळी असतात, एक्सचेंजची गिऱ्हाइकं तिथली आणि शेजारची, त्यामुळे त्याच दर्जाच्या फुटबॉलवर दोन्ही बाजूंना पैसा अधिक असतो. १.८४ ला शिरून १.७२ ला २३४ पौंड ले करणं तिथे एखाद्या शुक्रवारी खरोखर जमू शकतं. फक्त संघाची बातमी तिथे इंग्रजीत येते आणि ती वाचणारे बरेच असतात, तेव्हा पन्नास मिनिटं आधी १.८४ दिसण्याचा संभवच कमी.